ऑगस्टचा धूर, पाणीकपात आणि बुडापासून वाळणारे टोमॅटो (सॅक्रॅमेंटो परिसर, कॅलिफोर्निया)

वाफा_क्र_२

नमस्कार मंडळी. ठिकाण फॉलसम. मागच्या अंगणात ४ × ८ फुटांचे दोन उंच वाफे आहेत. घराच्या भिंतीला लागून असलेल्या वाफ्यात टोमॅटो आणि मिरच्या, कुंपणाजवळच्या वाफ्यात भेंडी, गवार आणि मांडवावर दुधी. सावलीत थोडी मेथी, आणि १५ गॅलनच्या कुंडीत कढीलिंब. दोन्ही वाफ्यांत अर्ध्या इंची ड्रिपलाइनच्या प्रत्येकी चार ओळी आहेत, दर फुटाला एक छिद्र, छिद्राला तासाला ०.६ गॅलन.

टोमॅटोची पानं बुडापासून तांबूस होत वर वर वाळत चालली आहेत. पाणी वाढवलं तरी थांबत नाही. गवारीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके आहेत आणि पानाखाली जाळी धरली आहे. भेंडी दुपारी मान टाकते. कढीलिंबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मेणासारखे पांढरे धागे दिसतात.

त्यात पाच दिवस धूर. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १६० ते २१०, सगळ्यावर राखेचा पातळ थर. मेथी आणि टोमॅटो खावेत का? पानं धुवावीत का? पेंढ्याचं आच्छादन घालायचं आहे, पण आगीच्या हंगामात ते शहाणपणाचं आहे का? पाणीपुरवठ्याने आठवड्याला दोन दिवस ठरवून दिलेत. कडुनिंब तेल आणि बायफेंथ्रिन हे कीटकनाशक आणून ठेवलंय, अजून काही फवारलेलं नाही.


वाफसा

फवारलं नाहीत हे उत्तम. बायफेंथ्रिनची बाटली तशीच बंद राहू द्या, कारण खाली कोणीतरी सांगेलच. मी पाण्याचं बोलतो.

तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तहानेसारख्या दिसतात आणि बहुधा त्यातली एकही तहान नाही. ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पान मलूल दिसलं की नळ सोडण्यामुळे. आधी माती बघा. खुरप्याने झाडापासून अर्ध्या फुटावर सहा इंच खोल उकरा आणि मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोकरल्यावर फुटला, तर वाफसा आहे, पाणी नको. गोळाच होत नसेल तर द्या. बोटांमधून ओल सुटत असेल तर दोन दिवस नळाकडे फिरकू नका. वरचा एक इंच कोरडा असण्याला काहीच अर्थ नाही, या हवेत तो दुपारपर्यंत कोरडा होणारच.

भेंडीची खूण संध्याकाळी नाही, सकाळी सातला पाहायची. दुपारी चारला १०० फॅरनहाइटमध्ये मान टाकून सकाळी ताठ उभी असेल, तर ते झाडाने स्वतःच केलेलं काटकसरीचं काम आहे. सकाळीही मलूल आणि माती ओली, तर मुळांत दोष आहे. सगळ्यात मरतुकडं एक रोप फावड्याने मातीसकट उचला, मुळं बादलीत खळबळून धुवा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म जंत. भेंडीला त्यांचा फार त्रास होतो, हलक्या वाळूमिश्रित मातीत तर विशेष. शेजारच्या गवारीच्या मुळांवरही गाठी असतील, पण त्या नत्राच्या असतात आणि नखाने सहज निखळतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती निघत नाही. या हंगामात त्यावर इलाज नाही. पुढच्या वर्षी त्या जागी भेंडी, वांगी, काकडीवर्गीय काहीही नको. टोमॅटो लावायचाच तर नावापुढे "एन" हे अक्षर असलेला, म्हणजे सूत्रकृमीला दाद न देणारा वाण घ्या. झेंडू मधेमधे शोभेला लावून काही होत नाही. फ्रेंच झेंडू अख्ख्या वाफ्यात दाट लावून दोन-तीन महिने ठेवला तर पुढच्या पिकाला फरक पडतो.

आता मोजमाप. कॅलिफोर्नियाच्या जलसंपदा विभागाचं सिमिस नावाचं हवामान केंद्रांचं जाळं १९८२ पासून चालू आहे. ते रोज सांगतं की जमीन आणि गवत मिळून आज किती मिलिमीटर पाणी उडालं. फुकट आहे. तुम्हाला फेअर ओक्सचं केंद्र जवळ पडेल. ऑगस्टमध्ये तुमच्या पट्ट्यात हा आकडा स्वच्छ हवेत रोज ६ ते ६.५ मिमी असतो. एका चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. तुमचा वाफा ३ चौरस मीटर धरा: ६.३ गुणिले ३ म्हणजे १९ लिटर. पूर्ण वाढलेला टोमॅटो गवतापेक्षा थोडं जास्त पितो, म्हणून गुणिले १.१. ठिबकमध्ये दहा टक्के वाया धरा. उत्तर रोज सुमारे २३ लिटर, म्हणजे ६ गॅलन, एका वाफ्याला.

चार ओळी, प्रत्येकी ८ छिद्रं, म्हणजे ३२ छिद्रं. तासाला १९ गॅलन. दिवसाआड द्यायचं तर १२ गॅलन लागतील, म्हणजे ३८ मिनिटं. रोज दहा-दहा मिनिटं देऊ नका, पाणी वरच्या दोन इंचांत राहतं आणि मुळंही तिथेच येऊन बसतात. मग एक दिवस चुकला की झाड कोसळतं.

धूर दाट असला की हा हिशेब बदलतो. ऊन कमी पोचतं, तापमान अंदाजापेक्षा खाली राहतं, आणि पाणी कमी उडतं. सिमिसवर ४.५ मिमी दिसलं तर तुमची ३८ मिनिटं २७ वर आणा. धुराच्या आठवड्यात टायमर जुन्या आकड्यावर ठेवला की माती थबथबते, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि मग लोक "धुराने पिवळी पडली" म्हणतात.

नळाला आधी उलटप्रवाहरोधक झडप, मग १५० जाळीचं फिल्टर, मग २५ पीएसआयचा दाबनियामक, मग पाइप. दाबनियामक नसेल तर जोड सुटतात आणि जवळची छिद्रं दुप्पट वाहतात. ओळींची टोकं महिन्यातून एकदा उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. चार छिद्रांखाली वाट्या ठेवून पंधरा मिनिटं मोजा, प्रत्येकीत साधारण ५७० मिलिलिटर यायला हवं. एकीत २०० आणि दुसरीत ८०० आलं तर वरचा सगळा हिशेब कागदावरच राहिला.

दोन दिवसांच्या नियमाबद्दल: अनेक ठिकाणी हे वार लॉनच्या फवाऱ्यांसाठी असतात, भाजीचं ठिबक आणि हाताने घातलेलं पाणी त्यातून वगळलेलं असतं. तुमच्या संस्थेचा नियम नीट वाचा. खरोखरच दोनच दिवस असतील तर दुधी आधी काढा. मांडवभर पानं सगळ्यात जास्त पाणी पितात. गवार सगळ्यात शेवटी, ती कोरड्यातही तग धरते.


दहापटभिंग

टोमॅटोबद्दल जवळजवळ खात्रीने सांगतो: टोमॅटो रसेट माइट. आपल्या नेहमीच्या लाल कोळ्याचा हा भाऊबंद नाही, वेगळ्या कुळातला आहे. डोळ्यांना दिसतच नाही, ०.२ मिमी. चौदा ते वीस पट भिंग लागेल (हो, माझ्या नावातलं भिंग इथे अपुरं पडतं). ओळख अशी: जमिनीजवळच्या खोडावर तेलकट तांब्याची झाक, तिथून वर चढत जाणारी तांबूस वाळ, आणि जाळी अजिबात नाही. करपा असेल तर पानावर वलयांचे डाग दिसतात, इथे डाग नसतात, अख्खं पान तांबूस होऊन कागदासारखं वाळतं. तांबूस झालेलं पान खुडू नका. जिथे हिरवं आणि तांबूस भेटतं, त्याच्या लगेच वरचं हिरवं पान खुडा आणि उन्हात भिंगाखाली धरा. माइट तिथे असतात, वाळलेल्या पानातून ते कधीच वर निघून गेलेले असतात. पिवळसर, गाजरासारखे एका टोकाला निमुळते.

पाणी वाढवून थांबणार नाही. साबण आणि कडुनिंबाचा यावर फारसा उपयोग नाही. गंधक चालतं. पाण्यात मिसळणारं गंधक, बहुतेक डब्यांवर गॅलनला १ ते ३ टेबलस्पून असतं. आपल्या डब्यावर लिहिलंय तेच घ्या. खोडाच्या बुडापासून सुरुवात करून पानांच्या खालून मारा. तीन अटी आहेत. हवा ९० फॅरनहाइटच्या वर जाणार असेल तर मारायचं नाही, पानं भाजतात. फॉलसमच्या ऑगस्टमध्ये ९० च्या खालचा दिवस क्वचितच मिळतो, म्हणून अंदाज पाहून थंडावा येईल तेव्हाच, पहाटे. तेल मारल्यापासून किमान दोन आठवडे गंधक नाही, आणि उलटही नाही. आणि दुधीवर उडू द्यायचं नाही, काकडीवर्गातल्या काही जातींना गंधक सोसत नाही.

ज्या झाडाचा दोन तृतीयांश भाग गेला आहे ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. फळं काढा, झाड बुंध्याशी कापा, काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. ओढून उपटत अंगणातून फरफटत नेलंत तर वाऱ्यावर आणि बाहीवर चढून माइट शेजारच्या झाडावर जातील. कंपोस्टमध्ये नको. आसपास काकमाची उगवली असेल किंवा कुंडीत पिटुनिया असेल तर तीही बघा, दोन्हीवर हा राहतो.

गवारीवरचा मात्र खरा लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालू लागले की तोच. उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची फेरी आठवड्याच्या आत होते. राखेचा थर त्याच्या पथ्यावर पडतो, कारण त्याला खाणाऱ्या परभक्षी कोळ्यांची धुळीत वाट लागते. म्हणूनच पहिलं औषध पाणी: सकाळी जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवायची, आठवड्यातून तीनदा. यानेच बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक काम होतं. त्यानंतर कीटकनाशक साबण, गॅलनला अडीच ते पाच टेबलस्पून, पाचसहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. साबण अंगावर पडला तरच मारतो आणि अंड्यांना काही करत नाही, म्हणून एकदा मारून सोडून देणं म्हणजे वेळ फुकट. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, ते साबण नसून डिटर्जंट असतं आणि पानावरचं मेण काढतं. नळाचं पाणी जड असेल तर साबण फाटतो, पांढरा साका दिसेल. मग गाळलेलं पाणी घ्या.

बायफेंथ्रिनचं कारण: ते परभक्षींना आधी मारतं. दोन आठवड्यांनी कोळी दुप्पट होऊन परत येतो. कार्बारिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचीही हीच ख्याती आहे.

मिरच्यांवर काही नाही ना? मिरचीची पानं वर वळत असतील तर आधी फूलकिडे बघा. टोमॅटोची वळलेली पानं, जांभळट शिरा आणि वाढ एकदम थांबलेली, असं एखाद्याच झाडावर दिसलं तर तो बीट कर्ली टॉप विषाणू असू शकतो. कोरड्या वर्षी डोंगरपायथ्यांचं गवत लवकर वाळतं आणि त्यावरचे तुडतुडे खोऱ्यात उतरतात, तेच तो आणतात. ते झाड उपटायचं, दुसरं काही नाही.


वाफा_क्र_२

खोडाला तांब्याची झाक आहे! जाळी नाही. तीनपैकी एक झाड जवळजवळ संपलंय, दोन अर्धी आहेत. म्हणजे गंधक. पण येत्या आठवड्यात सगळे दिवस ९४ ते १०१ दाखवतायत. मग काय करू? आणि कडुनिंब तेल गवारीवर तरी मारू का?


दहापटभिंग

संपलेलं झाड आज काढा. उरलेल्या दोघांची खालची तांबूस पानं आणि त्यावरची दोन-तीन हिरवी पानं कात्रीने काढून थेट पिशवीत टाका, म्हणजे चढती फौज कमी होईल. कात्री आणि हात धुऊनच पुढच्या झाडाला हात लावा, आणि आजारी झाडाकडे नेहमी शेवटी जा. गंधकासाठी थांबा.

तेल सध्या कुणावरच नको. ९० च्या वर तेलही भाजतं, आणि पाण्याचा ताण असलेल्या झाडावर तर नक्कीच. शिवाय आज तेल मारलंत तर गंधकाचे दोन आठवडे पुढे गेले. गवारीवर पाण्याचा फवारा. साबणालाही हीच ९० ची मर्यादा, पण पहाटे सहाला मारून ऊन चढायच्या आत नळाच्या पाण्याने धुऊन टाकला तर निभावतं.

पानं विरळ झाली की फळांना ऊन लागून पांढरे चट्टे पडतील. ३० ते ४० टक्के सावलीचं कापड दुपारच्या बाजूने बांधा, झाडावर टेकवून नाही, फूटभर वर. याचा मिरचीलाही फायदा होईल. ९५ च्या वर मिरची आणि टोमॅटो दोघांचीही फुलं गळतात, ते कापडाने पूर्ण थांबत नाही, कमी होतं. आणि नत्र बिलकूल देऊ नका. कोवळी पालवी म्हणजे माव्याला आणि कोळ्याला पंगत, वर पाण्याची मागणीही वाढते.


राखुंडी

धूर आणि राखेचं मी घेतो.

पहिला प्रश्न राख कशाची, हा. दूरच्या डोंगरातल्या जंगलाची असेल आणि पातळ थर असेल, तर भाजी धुऊन खायला हरकत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमधल्या आगींनंतर सोनोमा काउंटीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने धुरात सापडलेल्या पालेभाज्या गोळा करून तपासल्या होत्या. खाण्यातून होणारा धोका कमी, असा निष्कर्ष निघाला. घरं, गाड्या, दुकानं जळाली असतील आणि तुम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला जवळ असाल, तर गोष्ट निराळी. त्या राखेत शिसं, आर्सेनिक, ॲस्बेस्टॉस, वितळलेलं प्लास्टिक असतं. तेव्हा मेथीसारखी खरखरीत, धुवायला अवघड पालेभाजी सरळ टाकून द्या.

धुण्याची पद्धत: टोमॅटो, दुधी, मिरची वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून, देठाची खाच विशेष. मेथी मुळं कापून मोठ्या पातेल्यात बुडवा, वर उचलून घ्या, पाणी ओतून द्या, असं तळाशी काळा गाळ दिसेनासा होईपर्यंत. चाळणीवर ओतू नका, तळाचा गाळ परत भाजीवरच येतो. भाजीला साबण नको. दुधी सोलायचाच असतो.

झाडांवरची राख धुवा, पण राख पडायची थांबल्यावर एकदा, हलक्या फवाऱ्याने, सकाळी. रोज भिजवलंत तर बुरशीला आमंत्रण. राख पानांवर राहिली तर ऊन अडतं आणि कोळ्याचं फावतं. कोरडी राख झाडूने किंवा पानं उडवायच्या यंत्राने हलवू नका, ती हवेत गेली की सरळ फुप्फुसात. आधी ओली करा, मग गोळा करा.

जुनी समजूत आहे की राख म्हणजे खत. गावाकडच्या चुलीची राख आम्ल मातीत चालायची. लाकडाच्या राखेचा सामू १० ते १२ असतो, आणि आपल्या खोऱ्यातली माती बऱ्याचदा आधीच उदासीन किंवा किंचित विम्ल आहे. मूठमूठ टाकत गेलात तर लोह असूनही झाडाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. आकाशातून पडलेल्या पातळ थराने सामू बदलत नाही. पण ती गोळा करून कंपोस्टात घालू नका, कशाची आहे ते ठाऊक नसतं.

जवळपास घरं जळली असतील तर मातीची तपासणी करा: वाफ्यात सहा ते आठ ठिकाणची वरच्या दोन इंचांची माती एकत्र करून एक नमुना, आणि सहा इंच खोलीचा वेगळा. दोन्ही लागतात, कारण शिसं फक्त वरच असेल तर वरचा थर काढून भागतं, खालीही असेल तर ते जुनं आहे. राहत्या जागेतल्या मातीसाठी कॅलिफोर्नियाचा शिशाचा तपासणी-आकडा ८० पीपीएम आहे.

तरीही या सगळ्यात खरा धोका तुमच्या छातीला आहे, भाजीला नाही. एक्यूआय १५१ झाला की बाहेर काम करणाऱ्यांना एन-९५ देणं या राज्यात मालकावर बंधनकारक आहे. स्वतःच्या बागेत तुम्हीच मालक, तुम्हीच गडी. कापडी किंवा सर्जिकल मास्क पीएम २.५, म्हणजे धुरातले अतिबारीक कण, अडवत नाही. २०० च्या वर गेला तर टायमरला काम करू द्या, तुम्ही आत राहा.

टोमॅटो लाल व्हायची वाट पाहू नका. देठाच्या विरुद्ध टोकाला गुलाबी झाक आली की काढा आणि घरात ६५ ते ७० अंशांत ठेवा, चवीत उणेपणा येत नाही. ८५ च्या वर लाल रंग तयार व्हायचाच थांबतो, म्हणून झाडावर ठेवून ते नुसते नारिंगी राहतात. तोवर राख, ऊन आणि तहानलेल्या खारी, तिघांनाही वाटा मिळतो.

घर सोडायची वेळ आली तर फवारे चालू ठेवून जाऊ नका, अग्निशमन दलाच्या पाण्याचा दाब त्याने उतरतो. बॅटरीचा टायमर आणि ठिबक ठीक आहे. परत आल्यावर पाणी न वापरण्याची सूचना लागू आहे का ते आधी पाहा. २०१७ मध्ये सांता रोझात आणि २०१८ मध्ये पॅराडाइजमध्ये आगीनंतर नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं होतं. ते उकळून जात नाही, उलट वाफेतून घरात पसरतं. सूचना उठेपर्यंत ते पाणी बागेलाही नको. लाल रंगाचं आगरोधक द्रव्य थेट पडलेली भाजी टाकून द्या. मुख्यत्वे ते खतासारखं अमोनियम फॉस्फेट असतं, झाड बहुधा जगेल, पण ते खायचं नाही.


पाणक्या

पेंढ्याबद्दल. कुंपणाजवळच्या वाफ्यात तीन-चार इंच पेंढा जरूर घाला, ड्रिपलाइनच्या वर, आणि खोडापासून चार बोटं जागा सोडून. भिंतीला लागून असलेल्या वाफ्यात मात्र नाही. घरापासून पहिले पाच फूट म्हणजे इथल्या भाषेत झोन झिरो, २०२० च्या राज्य कायद्यात तो आलाय. घरं बहुतेक वेळा ज्वाळेने नाही, उडत आलेल्या निखाऱ्याने पेटतात, आणि भिंतीशी वाळका पेंढा म्हणजे निखाऱ्यासाठी काकडा. तिथे आच्छादन हवंच तर बारीक खडी. खरं तर तो वाफाच हंगाम संपल्यावर पाच फूट पुढे सरकवा, लाकडी फळ्यांचा असेल तर नक्कीच.

कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी वळवायचा विचार असेल तर: एका कुटुंबाच्या घरात, नळजोडणी न कापता, अटी पाळून हे परवान्याशिवाय चालतं. गटाराकडे परत वळवता येणारी तीन तोंडांची झडप हवी, पाणी दोन इंच आच्छादनाखाली सुटलं पाहिजे, लंगोटांचं पाणी नाही, साठवून ठेवायचं नाही. डिटर्जंटमध्ये बोरॅक्स नको आणि मीठ कमी हवं. ते लिंबाला, डाळिंबाला द्या. मेथी, मुळा किंवा मातीला टेकणारी कुठलीही भाजी यासाठी नाही. आणि ठिबकमधून तर कधीच नाही, धाग्यांनी महिन्यात छिद्रं बुजतात.


कढीलिंब

कढीलिंबाच्या शेंड्यावरचे पांढरे धागे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, आणि त्याबद्दल अजून कोणीच बोललं नाही.

दोन शक्यता. पिठ्या ढेकूण असेल तर कापसासारखे पुंजके दिसतात, देठाच्या बेचक्यात, आणि बोटाने चिरडले जातात. पण कोवळ्या नवतीवर बारीक, वळलेल्या नळ्यांसारखे मेणाचे धागे, पिवळट चपटी पिल्लं, लाल डोळे, आणि शेंड्याच्या घडीत बदामासारखी पिवळी अंडी दिसली, तर एशियन सिट्रस सिला. प्रौढ तपकिरी, तीळभर, आणि बसतो तेव्हा मागचा भाग ४५ अंशांत वर करून. ही ढब हीच त्याची खूण.

कढीलिंब लिंबाच्याच कुळातला, सिलाचा आवडता. ही कीड कॅलिफोर्नियात २००८ मध्ये सॅन दिएगो काउंटीत पहिल्यांदा सापडली, आणि ती लिंबवर्गाचा जो हिरवेपणाचा रोग (सिट्रस ग्रीनिंग) पसरवते तो २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या हसिएंडा हाइट्समध्ये. रोगाने कढीलिंब मरत नाही, पण त्याच्यावर पोसलेली कीड शेजारच्या संत्र्या-लिंबांवर जाते, आणि त्या रोगावर औषध नाही. म्हणून गुपचूप फवारून मोकळं होऊ नका. शेंड्याचा जवळून फोटो काढा, झाड हलवू नका, पानं तोडून कुणाला देऊ नका, आणि काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयाला किंवा राज्याच्या कीड हेल्पलाइनला कळवा. येऊन बघतात, पैसे घेत नाहीत.

मैत्रिणीच्या घरून रोप आणणं, दक्षिण कॅलिफोर्नियातून येताना पिशवीभर पाला आणणं, भारतातून सामानात रोप किंवा ताजी पानं आणणं, तिन्ही याच कारणासाठी टाळायचं. आपल्याच घरांतून ही कीड सगळ्यात सहज फिरते, हे कटू असलं तरी खरं आहे. रोप हवं तर परवानाधारक रोपवाटिकेतलं घ्या.

कुंडीतल्या कढीलिंबाला सध्या छाटणी आणि खत दोन्ही नको. नवी नवती फुटली की सिलाला अंडी घालायला जागा मिळते. १५ गॅलनची कुंडी या उन्हात रोज पाणी मागते. पाणी कडेने सरसर खाली जात असेल तर मिश्रण वाळून पाणी धरेनासं झालंय. बारीक धारेने अर्धा तास, मधे थांबत थांबत द्या.


वाफा_क्र_२

नळ्यांसारखेच आहेत. फोटो काढून आजच कळवते. भेंडीचं एक रोप उपटलं: गाठी आहेत, नखाने निघत नाहीत.

अजून एक. शेजारच्या घरी गांजाची सहा झाडं आहेत, कायदेशीर म्हणतात. तीही धुरात उभी आहेत आणि बाजूला असल्याने माइट तिथून इकडे येतात का, असं मनात आलं. आणि त्यांना काही सांगावं का?


दहापटभिंग

लाल कोळी येऊ शकतो, त्याला गांजा आवडतो. गांजावरचा रसेट माइट मात्र वेगळा, तो टोमॅटोवर येत नाही, तुमचा तिकडे जाणार नाही. कुंपणाच्या बाजूची गवार आधी तपासत जा. सांगायचंच तर पाण्याच्या फवाऱ्याचं सांगा, पण तेही फुलं धरायच्या आधीच, नंतर ओल राहून बुरशी लागते.


राखुंडी

त्या फुलांचा चीक राख धरून ठेवतो आणि टोमॅटोसारखी ती धुता येत नाहीत. वर लोक ती जाळून ओढणार. त्यांचं ते बघतील.

आपल्यापैकी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांसाठी मात्र एक सूचना. २०१६ च्या मतदानानंतर या राज्यात २१ वर्षांवरच्यांना घरी सहा झाडं चालतात, संघराज्याच्या कायद्यात ती आजही गुन्हा आहेत, आणि इमिग्रेशन संघराज्याचं आहे. त्यांनी सुट्टीत "जरा पाणी घालाल का" विचारलं तरी नाही म्हणा.


वाफसा

भेंडीचा निकाल लागला तर. ती अख्खी ओळ मुळांसकट काढून कचऱ्यात द्या, वाफ्याचं ते अर्धं ठिबक टोपी लावून बंद करा. मग त्या वाफ्यात १६ छिद्रंच राहतील. मिनिटं तीच ठेवा, कमी करू नका, उरलेल्या जागेला तेवढंच लागतं. सप्टेंबरअखेर त्या जागी मेथी नको, कांदा-लसूण लावा. त्याच फावड्याने दुसऱ्या वाफ्यात जाण्याआधी ते धुवा.